हिंवाळ्याचा उत्सव आणि ख्रिस्ती कुटुंब

योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत एक लहानशी नोंद आहे, तिच्याकडे वाचकांचें लक्ष सहसा जात नाहीं. यरुशलेम शहरांत मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण चालू होता, दिवस हिंवाळ्याचे होते, आणि प्रभु येशू मंदिरांत शलमोनाच्या देवडींत फिरत होता, असें तेथें सांगितलें आहे. वल्हांडण, पन्नासावा दिवस व मंडपांचा सण हे तीन मोठे सण मोशेच्या नियमशास्त्रानें लावून दिलेले होते. हा हिंवाळ्याचा सण तसा नव्हता. सूरियाचा राजा अंतियोख यानें ख्रिस्तापूर्वीं १६७ सालीं मंदिर भ्रष्ट केलें आणि यहूदा मक्काबी यानें १६४ सालीं तें शुद्ध करून पुन्हां देवास वाहिलें, त्याची आठवण म्हणून लोकांनीं तो आपण होऊन सुरू केला. ज्या मक्काबी ग्रंथांत ही हकीकत आहे ते आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या पवित्र शास्त्रांत नाहींतहि. तरी त्या सणाच्या दिवसांत प्रभु शहराबाहेर राहिला नाहीं. ह्या एका ओळीवर फार मोठी इमारत उभी करूं नये हें खरें. त्यानें दिवे लाविले कीं नाहीं, गाणीं ऐकिलीं कीं नाहीं, हें योहान सांगत नाहीं, आणि त्याच ठिकाणीं लोकांनीं त्याला मारावयास धोंडे उचलले हेंहि विसरतां येत नाहीं. पण शास्त्रानें ज्या उत्सवाची आज्ञा केली नाहीं त्याच्या वाऱ्यालाहि विश्वासणाऱ्यानें उभें राहूं नये असें जे मानतात, त्यांनीं ही ओळ वाचून थोडें थांबावें.

थांबावें असें म्हणण्यास कारण आहे. दौंड-पुणें लोहमार्गावरील गांवांतून, केडगांवाकडील मंडळ्यांतूनहि, डिसेंबर महिना आला म्हणजे एक प्रश्न निघूं लागला आहे. मुलें शिकलीं, कोणी पेटी शिकतो, कोणी तबला, आणि त्यांच्या गुरुजींकडून त्यांना कळतें कीं पुण्यास सवाई गंधर्व महोत्सव आहे. केडगांवीं गाडींत बसलें कीं यवत, उरुळी, लोणी, हडपसर करीत माणूस सहज पुण्यास पोंचतो. मग घरांतील वडील माणसें मास्तरांस, म्हणजे आपल्या सुवार्तिकास, विचारतात कीं सहकुटुंब जावें कीं न जावें? मास्तर पाळकसाहेबांकडे पाहतात. पाळकसाहेब बहुधा म्हणतात, "ज्याचें त्यानें पाहावें." हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे.

तो उत्सव काय आहे हें अगोदर समजून घेऊं. किराणा घराण्याचे गवई रामभाऊ कुंदगोळकर (१८८६–१९५२) हे सवाई गंधर्व ह्या नांवानें ओळखले जात. नाटकांतील स्त्रीभूमिकांनींहि त्यांनीं नांव मिळविलें होतें. त्यांचे गुरु उस्ताद अब्दुल करीम खां हे मुसलमान. खांसाहेबांची कबर मिरजेस मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे आणि तेथें दरवर्षीं उरुसांत गवई हजेरी लावतात. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी (१९२२–२०११) हे अकरा वर्षांचे असतां गाणें शिकावयास घर सोडून निघाले होते. गुरूंच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्मरणार्थ भीमसेनांनीं १९५३ सालीं पुण्यांत हा उत्सव सुरू केला. पुढें त्यांचें स्वतःचें नांवहि त्याला जोडलें गेलें. पूर्वीं तो रात्रभर चाले आणि पहाटेचे राग पहाटेसच ऐकावयास मिळत. ध्वनिवर्धकांविषयींचे नियम आल्यापासून तें बंद झालें. पुष्कळ वर्षें तो रमणबाग शाळेच्या मैदानांत होई, २०१८ पासून मुकुंदनगरांत महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होऊं लागला. लोक शाली पांघरून, डबे बांधून येतात. आरंभ बहुधा सनईनें होतो; मग ख्याल, सतार, सरोद, क्वचित् नृत्य; आणि एखाद्या गायकाच्या शेवटीं श्रोत्यांच्या आग्रहावरून अभंग.

आतां कोणी म्हणेल, ह्यांत विचारण्यासारखें काय आहे? तिकीट काढावें, गाणें ऐकावें, घरीं यावें. असें म्हणणारा बहुधा शहरांत वाढलेला असतो. खेड्यांतील आपल्या मंडळ्यांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हा प्रश्न हलका वाटणार नाहीं. आपल्या आज्यापणज्यांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां ज्या गोष्टी त्यांनीं प्रथम सोडिल्या त्यांत जत्रा होती. देवीचा नवस, बकरें, त्यासाठीं सावकाराकडून काढलेलें कर्ज, दारू, रात्रीचा तमाशा, हें सगळें एकाच गांठोड्यांत बांधलेलें होतें. त्यांतून गाणें तेवढें निवडून घेणें त्यांना शक्य नव्हतें, म्हणून त्यांनीं तें गांठोडें सबंधच टाकिलें. त्यांत गाण्याचा द्वेष नव्हता. होता असें मानून जे आज आपल्या पूर्वजांस अरसिक म्हणतात त्यांनीं खेड्यांतील जत्रा पाहिलेली नसावी.

शिकलेले तरुण ह्या प्रश्नाचें एक सोपें उत्तर देतात: संगीताला धर्म नसतो, शब्दांकडे लक्ष देऊं नये, सूर तेवढे घ्यावे. मला हें उत्तर मान्य नाहीं, आणि ख्रिस्ती माणसाच्या तोंडीं तर तें मुळींच शोभत नाहीं. आपण वचनावर जगणारे लोक. शब्दाला अर्थ नाहीं असें आपण कोणत्या तोंडानें म्हणावें? शिवाय त्यांत गाणाराचा अपमान आहे. जो गायक विठ्ठलाचें नांव घेतांना डोळे मिटतो त्याला आपण मनांतल्या मनांत असें सांगतों कीं बाबा, तूं म्हणतोस त्यांत कांहीं नाहीं, तुझा गळा तेवढा चांगला आहे. आपल्या उपासनेंत येऊन कोणी आपल्या गीतांविषयीं असें म्हटलें तर आपणांस काय वाटेल? ख्यालाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचे बोल दोनचार ओळींचे. पाऊस, रात्र, कोणाची तरी वाट पाहणें, सासूनणंदेचा जाच. त्यांतहि हिंदु गवई पीराची किंवा अल्लाची चीज गातो आणि मुसलमान गवई कृष्णाची गातो, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु अभंग ही प्रार्थना आहे, आणि ती प्रार्थना आहे हें ओळखूनच ती ऐकावी.

मग दुसऱ्याची प्रार्थना ऐकावी काय? करिंथ येथील मंडळीपुढें ह्याच जातीचा प्रश्न होता, फक्त तो मांसाविषयीं होता. त्या शहरांत बाजारांत विकावयास येणाऱ्या मांसांत मूर्तींपुढें वाहिलेल्या पशूंचें मांस असे. पौलानें पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत जो निवाडा दिला तो एका शब्दाचा नाहीं. बाजारांतील मांस चौकशी न करितां घ्यावें. विश्वास न ठेवणाऱ्या शेजाऱ्यानें जेवावयास बोलाविलें तर जावें, वाढील तें खावें. पण हें वाहिलेलें आहे असें तेथें कोणीं मुद्दाम सांगितलें, तर त्या सांगणाराच्या मनासाठीं खाऊं नये. मूर्तीच्या मेजावर मात्र बसूं नये. ठिकाण बदलतें तसें उत्तर बदलतें. गाण्याचा मंडप ह्यांपैकीं कोणतें ठिकाण आहे? माझ्या मतें तो बाजार आहे आणि मधूनमधून शेजाऱ्याचें घर आहे. तें मेज नव्हे. तेथें आपल्याकडून कोणी हात जोडवून घेत नाहीं. अभंग सुरू झाला म्हणजे आपण शेजाऱ्याच्या घरीं असतों आणि घरचीं माणसें प्रार्थनेस बसलेलीं असतात. भला पाहुणा अशा वेळीं कानांत बोटें घालीत नाहीं, उठून चपला शोधीत नाहीं, आणि आपणहि तीच प्रार्थना करीत आहों असें सोंगहि आणीत नाहीं. तो शांत बसतो.

येथें सर्वांचें एकमत होईल असें मी समजत नाहीं, कारण आपल्या वडीलधाऱ्यांचेंहि नव्हतें. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं आलों असें ते उघड सांगत. अभंगाचा छंद, भजन, कीर्तन हें सर्व त्यांनीं ख्रिस्ती उपासनेच्या कामीं लाविलें, आणि त्यांचीं गीतें आज खेड्यांतील भजनी मंडळें टाळमृदंगावर म्हणतात. केडगांवाच्या तर दाराशींच दुसरें उदाहरण आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थक्षेत्रांतून पुराणें सांगत सहकुटुंब फिरत. यात्रा, पर्वणी, उत्सव हें रमाबाईंनीं लहानपणापासून आंतून पाहिलें होतें, आणि त्याच भटकंतींत, दुष्काळाच्या दिवसांत, आईबाप अन्नावांचून जातांना पाहिले होते. पुढें केडगांवीं मुक्तिसदनांत त्यांनीं मूळ इब्री व हेल्लेणी भाषांवरून पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. तें अगदीं साध्या बायकांस कळावें असा त्यांचा कटाक्ष होताच, पण जुन्या धर्माच्या कल्पना ज्या शब्दांना चिकटलेल्या आहेत ते शब्दहि त्यांनीं होतां होईल तों टाळिले. म्हणजे टिळकांनीं जी भाषा जवळ घेतली तीच रमाबाईंनीं दूर ठेविली, आणि दोघेंहि एकाच प्रभूचीं. टिळकांस त्या वाटेवर अन्न मिळालें होतें, रमाबाईंस उपास घडला होता. एकास शिथिल म्हणणें किंवा दुसरीस कर्मठ म्हणणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं.

हें मी का सांगतों तें दौंड तालुक्यांतील एका कुटुंबाच्या हकीकतीवरून कळेल. बाप साखर कारखान्यांत कामाला, आई अंगणवाडींत, मुलगी चौदा वर्षांची व दर रविवारीं उपासनेंत पेटी वाजविणारी. मुलीनें उत्सवास जाण्याचा हट्ट धरिला आणि आईबाप कबूल झालीं. आजी मात्र म्हणाली, "मी न्हाई यायची. आन् पोरीलाबी नेऊं नगा." मास्तरांस बोलाविलें. त्यांनीं आजीपुढें करिंथकरांचा अध्याय उघडून चांगला समजावून सांगितला, आणि अंगणांत आल्यावर बापाला हळूच म्हणाले, "आजीबाईंचें मन अजून दुर्बळ आहे. दुर्बळासाठीं आपण सोडावें, असेंच शास्त्र आहे." बापानें बेत रद्द केला. मुलगी रडली. प्रकरण येथें मिटलें असतें, आणि बऱ्याच घरांत तें असेंच मिटतें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं बाप आईजवळ बसला आणि त्यानें विचारिलें, "आई, तुला नक्की काय खुपतंय?" तेव्हां म्हातारीनें जें सांगितलें तें तिच्या मुलालाहि धडपणें माहीत नव्हतें. तिच्या सासऱ्यांच्या घराण्याकडे गांवच्या देवीच्या यात्रेंत सनई वाजविण्याचें काम होतें. पालखीपुढें वाजवीत जावयाचें, आणि देवळाच्या पायरीशीं आलें कीं थांबावयाचें. पालखी आंत जाई, सनई बाहेर राही. रात्रभर उभें राहून वाजवावें तेव्हां सकाळीं शिळी भाकर आणि सुगींत खळ्यावरचे चार पसे. बाप्तिस्मा घेतल्यावर आलेल्या पहिल्या यात्रेस त्यांनीं सांगितलें कीं आतां मी वाजविणार नाहीं. त्या वर्षीं गांवानें त्यांचें दळण आणि किराणा बंद केला. सनई त्यांनीं फडक्यांत गुंडाळून आढ्याला बांधिली, ती मरेपर्यंत सोडली नाहीं. "ज्या बाजापायीं मामंजींनीं उपास काढले," म्हातारी म्हणाली, "तोच बाजा पैसं देऊन ऐकायला जायाचं व्हय?"

ह्यांत दुर्बळ मन कोठें आहे? पौलाच्या पत्रांतील दुर्बळ भाऊ हा नुकताच मूर्तींपासून आलेला, ज्याला जुनें अजून ओढतें, ज्याला मूर्तींत कांहीं आहे असें अजून वाटतें, असा आहे. ह्या बाईला विठ्ठलाची भीति वाटत नव्हती, देवीची तर नाहींच नाहीं. ती एका साक्षीची राखण करीत होती. आपल्या मंडळ्यांतून जो कोणी नाहीं म्हणेल त्याला चटकन् दुर्बळ म्हणण्याची जी खोड आपणां शिकलेल्यांस लागली आहे ती वाईट आहे. तिच्यांत दया दिसते, पण ऐकून घेणें नसतें.

तरीहि म्हातारीच्या म्हणण्याला उत्तर आहे, आणि तें तिच्याच हकीकतींत आहे. सासऱ्यांनीं नाकारिलें तें काय? देवीपुढें वाजविणें नाकारिलें, सक्ति नाकारिली, पायरीशीं थांबणें नाकारिलें. सनई नाकारिली असती तर त्यांनीं ती चुलींत घातली असती. फडक्यांत गुंडाळली नसती. तेंच वाद्य, लग्नाच्या दारांत आणि मिरवणुकींत वाजणारें, उस्ताद बिस्मिल्ला खां (१९१६–२००६) यांनीं मैफलीच्या मंचावर नेऊन बसविलें, आणि २००१ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें. पुण्याच्या मंडपांत उत्सवाचा आरंभ त्याच वाद्यानें होतो, आणि ऐकणारा कोणत्या वाड्यावस्तीवरून आला हें तिकीट पाहणारा विचारीत नाहीं. जेथें आपल्या आज्यांना उंबऱ्याबाहेर उभें केलें जाई तेथें जाणें एक, आणि जेथें त्यांचें नातवंड इतरांच्या बरोबरीनें बसतें तेथें जाणें दुसरें. पहिल्याला नाहीं म्हटलें म्हणून दुसऱ्यालाहि नाहीं म्हटलेंच पाहिजे असें होत नाहीं.

पण येथेंहि मी फार जोर देऊं इच्छीत नाहीं. वाद्याला मान मिळाला म्हणजे वाजविणाऱ्या जातींना मिळाला असें नव्हे. एका उस्तादाच्या गळ्यांत पदक पडतें तेव्हां खेड्यांत वरातीपुढें हलगी वाजविणाऱ्याचा मेहनताना वाढत नाहीं, आणि हें म्हातारीनें म्हटलें तर तिला खोडून काढण्यासारखें माझ्याजवळ कांहीं नाहीं.

त्या घरीं पुढें असें झालें कीं दोन संध्याकाळ ही बोलणीं चाललीं, नातहि ऐकत बसली, आणि तिसऱ्या दिवशीं म्हातारीच म्हणाली, पोरीला न्या. ती स्वतः गेली नाहीं. गुरें आणि घर पाहावयास कोणी तरी हवेंच होतें, असें तिनें सांगितलें. तें अर्धें खरें असावें. रात्रीं उशिरां मंडळी परतलीं तेव्हां ती जागी होती. कोण गायलें, काय गायलें, हें तिनें विचारिलें नाहीं. तिनें नातीला विचारिलें, "सनईवाला हुबा व्हता का बसला व्हता?" नात म्हणाली, "बसला होता, आजी. गादीवर. सगळ्यांच्या समोर." म्हातारीनें "बरं" म्हटलें आणि भाकऱ्यांची टोपली पुढें केली. पुढच्या वर्षीं ती जाईल किंवा न जाईल. तिला कोणीं फार विचारूं नये.

मुलांविषयीं एक शब्द. बारा वर्षांचा येशू आईबापांबरोबर नासरेथाहून यरुशलेमास सणाला गेला, ती लूकाच्या दुसऱ्या अध्यायांतील हकीकत आपण मुलांस नेहमी शिकवितों. आईबापांनीं मुलाला सणाला नेलें, पण मुलाला तेथें जें सांपडलें तें त्यांनीं दाखविलेलें नव्हतें. तो गुरुजनांमध्यें बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता, आणि त्याला शोधतांना त्यांना तीन दिवस घोर लागला. शहरांत मुलांस न्यावयाचें तर एवढें ठरवूनच न्यावें कीं तीं आपण न योजिलेलें कांहीं तरी ऐकून येतील. ह्या मुलीनेंच नंतर विचारिलें कीं गुरुजी मला अभंग शिकवितात तो मी म्हणूं का? तिच्या बापानें उत्तर दिलें तें मला पटलें. तो म्हणाला, शीक, चाल बसव, पेटीवर वाजव. पण लोकांपुढें डोळे मिटून म्हणायची वेळ येईल तेव्हां, तूं कोणाला हांक मारते आहेस हें तुला स्वतःला सांगतां आलें पाहिजे. सांगतां नाहीं आलें तर म्हणूं नको. रोमकरांच्या पत्राच्या चौदाव्या अध्यायाचा हाच अर्थ आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलीला तो समजतो.

खर्चाविषयीं फार लिहिण्याची गरज नाहीं. पांचहि दिवस जाण्याचा हव्यास खेड्यांतील कुटुंबानें धरूं नये, एक दिवस पुरे. भाकरी घरून न्यावी. आणि तिकिटासाठीं हातउसने पैसे काढूं नयेत, कारण कर्ज काढून जत्रा करण्याची चाल मोडण्यासाठींच आपल्या वडिलांनीं एवढें सोसलें. त्याच दिवसांत दौंडाकडील उसाच्या फडांत बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेलीं तोडणीवाल्यांचीं कुटुंबें कोपींत थंडी काढीत असतात. त्यांच्यासाठीं उत्सव सोडावा असें मी म्हणत नाहीं. पण ज्या मंडळीच्या तरुणांना पुण्याचा मंडप कोठें आहे हें कळतें, त्यांना आपल्या शिवारांतील कोपी कोठें आहेत हेंहि कळावें, आणि नाताळचीं गीतें म्हणत फिरतांना पेटी तेथपर्यंत न्यावी. वाटेंत चिखल असतो व पेटी जड असते, हें ठाऊक आहे.

राहिला दिवसाचा प्रश्न. उत्सव अलीकडे बुधवारीं सुरू होऊन रविवारीं संपतो. २०२३ सालीं तो १३ ते १७ डिसेंबर असा होता. शेवटच्या दिवशीं नामांकित कलावंत असतात म्हणून मुलांचा ओढा रविवारकडे असतो. परंतु खेड्यांतील मंडळींत पेटी वाजविणारें माणूस बहुधा एकच, आणि नाताळच्या गीतांची तालीमहि त्याच रविवारीं उपासनेनंतर असते. तेव्हां गुरुवार किंवा शुक्रवार धरावा. शनिवार सुटीचा म्हणून सोयीचा वाटतो, पण रात्रीची गाडी चुकली तर रविवारची उपासनाहि चुकते. परतीच्या गाडीची वेळ जातांनाच केडगांव स्टेशनावर विचारून घ्यावी.